मातीतली मुंबई: उठावाचा नकाशा कसा घडवावा

मुंबईचा मातीचा नकाशा करायला घेतला की पहिली अडचण उंचीची. १:१,००,००० प्रमाणात कुलाबा ते वसईची खाडी हातभर लांबीत बसते, पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला ४५० मीटरहून उंच डोंगर जेमतेम साडेचार मिलिमीटर भरतो. म्हणून उंची पाचपट घ्या. भूगोलवाल्यांना खटकेल, पण बोटाला डोंगर लागायला हवा.

धारावीच्या कुंभारवाड्यातून मळलेली माती आणा. आधी मातीच्या एका पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून ती भाजून घ्या. रेघ ९.१ झाली, तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,०००चा नकाशा ५० नव्हे, ५५ टक्क्यांवर छापायचा. आटल्यावर प्रमाण बरोबर येतं. नकाशावर प्रमाण आकड्यांत लिहूच नका, रेघेनं कोरा. मातीबरोबर तीही आटते, त्यामुळे खोटी पडत नाही.

एक सेंटिमीटर जाडीचा पाया लाटा. त्यावर १००, २००, ३०० आणि ४०० मीटरच्या समोच्च रेषांचे (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे) कागद कापून पाच-पाच मिलिमीटरचे थर चढवा. दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवून लाटलं की जाडी सारखी येते. जोडाच्या जागी ओरखडे काढून पातळ माती लावा, मग पायऱ्या बोटानं उतरत्या करा. मलबार हिल ५० मीटरच्या आसपास, म्हणजे या रेषांत ती सापडणारच नाही. अडीच मिलिमीटरचा उंचवटा हातानं द्या. विहार, तुळशी, पवई ही तळी दाबून खोल करा.

एवढी मोठी लादी वाळताना वाकते, म्हणून तिचे दोन तुकडे करा. चाकू माहीमच्या खाडीतून आणि पुढे मिठी नदीच्या वळणानं फिरवा, म्हणजे बराचसा सांधा पाण्यात लपतो. माती चामट, म्हणजे अर्धवट वाळून घट्ट झाली की डोंगर मागून पोखरा, सगळीकडे साधारण एक सेंटिमीटर जाडी राहू द्या.

प्लास्टिक झाकून सावकाश वाळवा. पावसाळ्यात वरून कोरडी दिसणारी माती आतून ओली असते. गालाला लावून पाहा, गार लागली तर थांबा. ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन तुकडा फुटतो, आणि शेजाऱ्याची भांडीही घेऊन जातो. भाजणी ९५० ते १००० अंश सेल्सिअसला, एखाद्या स्टुडिओच्या विजेच्या भट्टीत. समुद्राला निळा रंग द्यायचा तर कोबाल्ट ऑक्साइड घातलेली पांढरी पातळ माती भाजण्याआधीच लावा. डोंगर मात्र मातीच्याच रंगाचे छान दिसतात.