काच आतूनही पुसा
परवा रात्री महेश्वरहून इंदूरला येताना जाम घाटात समोरच्या ट्रकचे दिवे पडले आणि सगळी काच दुधाळ झाली. वळणच दिसेना. शेजारी आई बसलेली, माझ्या हाताला घाम फुटला.

काच बाहेरून लख्ख होती. दोष आतल्या बाजूला. उन्हात डॅशबोर्डचं प्लॅस्टिक तापतं, त्याची वाफ काचेवर बसते आणि तेलकट थर जमतो. तो काढायला गाडी सावलीत लावा. तापल्या काचेवर लिक्विड लगेच वाळून ओघळ उमटतात. फवारा मायक्रोफायबरच्या फडक्यावर मारा, काचेवर नको. आतून आडवं पुसा, बाहेरून उभं, म्हणजे राहिलेला डाग कुठल्या बाजूचा ते चटकन कळतं. खालच्या कोपऱ्यात बोटं पोचत नाहीत, तिथे पालथ्या हाताने फडकं सरकवा. मग कोरड्या फडक्याने पुन्हा एकदा.

धुळीवर कोरडा वायपर कधीच चालवू नका, चरे पडतात आणि ते जात नाहीत. वायपरचं रबर ओल्या फडक्याच्या चिमटीत धरून ओढा. काळी रेघ उमटेनाशी होईपर्यंत. रबर कडक झालं असेल तर पावसाळ्याआधी बदला. वॉशरच्या टाकीत बोरिंगचं पाणी नको, पांढरे डाग राहतात. इंदुरात नळाला येतं ते नर्मदेचं पाणी भरा.