उमेदवाराची माहिती मोबाइलवर कशी पडताळावी: सोलापूरच्या मतदारासाठी

पार्क मैदानावरची सभा, रिक्षावरचा भोंगा, दारात टाकलेले पत्रक आणि नवी पेठेत दुकानाच्या पायरीवर रंगणारी चर्चा, या वाटांनी सोलापूरकराला पूर्वी उमेदवार कळत असे. ही चर्चा सोडली, तर यांतल्या बहुतेक वाटा उमेदवाराच्या किंवा त्याच्या कार्यकर्त्यांच्याच हातात होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क असल्याचा निकाल दिला आणि त्यातून गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण सांगणाऱ्या शपथपत्राची सक्ती आली. इंटरनेटने हा कागद निवडणूक कार्यालयातून घरात आणला. मात्र त्याच मोबाइलवर उमेदवाराची स्वतःची जाहिरातही पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त येते. म्हणून आधी शपथपत्र, मग कामाची नोंद आणि व्हिडिओ सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावा असे मला वाटते.

त्याआधी स्वतःचा मतदारसंघ नक्की करून घ्यावा. सोलापूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव असून त्यात शहर उत्तर, शहर मध्य, सोलापूर दक्षिण, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस माढा मतदारसंघात जातात, तर बार्शीकर जिल्ह्याने सोलापूरचे असूनही खासदार मात्र धाराशिवच्या मतदारसंघातून निवडतात. भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर नाव शोधले की मतदारसंघ आणि यादी भाग क्रमांक दोन्ही मिळतात.

लोकसभा किंवा विधानसभेसाठी आयोगाची ‘नो युवर कँडिडेट’ ही मोबाइल सुविधा किंवा शपथपत्रांचे संकेतस्थळ उघडून राज्य, निवडणूक आणि मतदारसंघ निवडावा. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे तिथल्या उमेदवारांची शपथपत्रे या केंद्रीय ठिकाणी शोधत बसू नये. ती राज्य आयोगाच्या आणि महापालिकेच्या संकेतस्थळांवर पाहावीत. प्रभाग बहुसदस्यीय असल्याने तिथे एका नव्हे, तर प्रत्येक जागेच्या उमेदवारांची माहिती वाचावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

आता मुख्य काम, म्हणजे नमुना २६ मधील शपथपत्र वाचणे. ते बहुधा स्कॅन केलेले असते, कधी हाताने लिहिलेले, त्यामुळे शब्द टाकून शोधता येत नाही. पानामागून पान वाचावे लागते. वेळ कमी असेल तर शेवटचा गोषवारा आधी पाहावा, पण तेवढ्यावर थांबू नये. गुन्ह्यांच्या रकान्यात संख्येपेक्षा कलमे महत्त्वाची असतात. जुन्या भारतीय दंड संहितेतील, आंदोलनात दाखल होणारे बेकायदा जमावाचे कलम १४३ आणि फसवणुकीचे कलम ४२० यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरते. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेची कलमे येतात, आणि तिथे फसवणूक ३१८ खाली आहे. आरोप निश्चित झाले आहेत की नुसती तक्रार आहे, हेही त्याच ठिकाणी लिहिलेले असते.

मालमत्तेत स्वतः, जोडीदार आणि अवलंबित यांचे रकाने वेगळे असतात, आणि सगळी जमीन पत्नीच्या नावावर दिसली तर त्यात बेकायदा काही नाही, पण वाचणाऱ्याने बेरीज एकत्र करावी. उमेदवार मागेही लढला असेल तर जुने शपथपत्र शेजारी ठेवावे. वाढलेला आकडा पाहून लगेच निष्कर्ष काढू नये. स्थावर मालमत्तेची खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि सध्याचा बाजारभाव वेगवेगळे नोंदवलेले असतात, त्यामुळे जुळे सोलापुरातील जुन्याच प्लॉटचा भाव वाढला की नवी खरेदी झाली, हे कळते. गेल्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतले उत्पन्न त्याच्याशी ताडून पाहावे. ‘मायनेता’ या संकेतस्थळावर या माहितीचा तयार सारांश मिळतो. शंका आली तर मात्र मूळ पानच पाहावे.

निवडणूक निर्णय अधिकारी शपथपत्रातील मजकुराची सत्यता तपासत नाही. रकाने कोरे ठेवता येत नाहीत, आणि खोटी माहिती दिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण ते नंतरचे. कोणी प्रतिशपथपत्र दाखल करून माहितीला आव्हान दिले असेल तर तेही अपलोड होते, आणि ते वाचायला बहुतेक जण विसरतात.

आधी निवडून आलेल्याची नोंद सोपी आहे. संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराचे प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि उपस्थिती दिसते. मंत्री मात्र हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, तेव्हा त्यांच्यापुढचे शून्य हा पुरावा नव्हे.

शेवटी फॉरवर्ड. उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीसारख्या कामाचे श्रेय घेणारा फोटो आला तर गुगल लेन्सवर तो आधी कधी आणि कुठे दिसला होता ते पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाणाचे चिन्ह असेल तर तो संदेश अनेक हातांतून फिरून आला आहे, एवढेच त्यातून कळते. तो खरा की खोटा ते नाही. सोलापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पूर्व भागात तेलुगूत, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये आणि इतरत्र मराठी वा उर्दूत वेगवेगळ्या क्लिप फिरतात. चारही भाषांत तेच आश्वासन दिले आहे का, हे शेजाऱ्याकडून समजून घेणे कोणत्याही अ‍ॅपपेक्षा उपयोगी पडते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या राजकीय जाहिरातींचा खर्च मेटाच्या जाहिरात संग्रहात अंदाजे पट्ट्यांत दिसतो. तिथे उमेदवाराच्या नावाबरोबर त्याच्या ‘समर्थक’ पानांची नावेही टाकून शोधावे. पैसे कोणाच्या नावाने भरले, ते जाहिरातीत वर, पानाच्या नावाखालच्या ओळीत असते, आणि ते नाव उमेदवाराचे नसेल तर आधी त्या नावाचा शोध घ्यावा.