आरव्ही-७: बांधायचं असो की बांधलेलं घ्यायचं, आधी रिव्हेट ओळखा

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं, ते स्वतःच्या आराखड्यावरून. अमेरिकेत गॅरेजमध्ये धातूचं विमान बांधणारे बहुतेक जण मात्र तयार किट घेतात, आणि त्यात ओरेगनमधल्या ऑरोरा इथल्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं नाव पहिलं येतं. त्यांचं आरव्ही-७ हे शेजारी-शेजारी दोघं बसणारं अ‍ॅल्युमिनियमचं विमान. इंजिन १५० ते २०० अश्वशक्तीचं लायकमिंग. पत्रे रिव्हेटनी, म्हणजे ठोकून दुसऱ्या टोकालाही मुंडी केलेल्या धातूच्या खिळ्यांनी, जोडायचे असतात. त्यांना भोकं कारखान्यातूनच पाडून येतात, त्यामुळे मोठं जिग (भाग जागेवर धरणारा साचा) लागत नाही. तरी साध्या किटला दीड-दोन हजार तास धरून चला. क्विकबिल्ड किटमध्ये पंख आणि धड बरंचसं जोडून मिळतं. वेळ वाचतो, खिसा हलका होतो.

सगळं किट एकदम मागवू नका. आधी सरावाचं छोटं किट, मग शेपटीचं. शेपटीतले भाग लहान आणि तुलनेनं स्वस्त, त्यामुळे चुका इथेच झालेल्या परवडतात. हत्यारांत ३-एक्स रिव्हेट गन, हवेवर चालणारा, रिव्हेट दाबून बसवणारा स्क्वीझर, टंगस्टनचा बकिंग बार (ठोकताना रिव्हेटच्या मागे धरायचा जड ठोकळा), डिंपल (मुंडी सपाट बसावी म्हणून भोकाभोवती दाबून केलेला खळगा) पाडायची सी-फ्रेम, ३० आणि ४० नंबरची ड्रिल आणि निदान पाचशे क्लेको (पत्रे तात्पुरते एकत्र धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) हवेत. चंदेरी क्लेको ३/३२ इंचाच्या भोकाला, तांबूस १/८ ला. टंगस्टनचा बार महाग वाटतो, पण जडपणामुळे तो हातात कमी उडतो आणि अडचणीच्या जागीही नीट धरता येतो. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

प्रत्येक भोकाचा क्रम ठरलेला आहे: पत्रे क्लेकोंनी जोडा, शेवटचं ड्रिल मारा, सुटे करा, दोन्ही बाजूंनी बर (ड्रिलमुळे भोकाच्या कडेला उठलेली खरखरीत धार) काढा, डिंपल पाडा, पुन्हा जोडा, मग रिव्हेट. बर काढायला टूलचे दोन-तीन हलके फेरे पुरतात. जास्त फिरवलंत तर भोकाची कड पातळ होते. बर तशीच राहिली तर डिंपल पाडताना तिथूनच बारीक चीर निघते. ३/३२ च्या रिव्हेटसाठी ०.०३२ इंचापेक्षा पातळ पत्र्याला काउंटरसिंक (खळगा कोरून काढणं) करायचं नाही, डिंपलच करायचं. पातळ पत्रा काउंटरसिंक केला की भोकाला सुरीसारखी धार येते, भोक मोठं होतं आणि रिव्हेट ढिली पडते. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर हवं.

रिव्हेटचा दांडा पत्र्यांच्या पलीकडे व्यासाच्या दीडपट बाहेर आला पाहिजे. ३/३२ इंचाला हे सुमारे ३.६ मिमी. ठोकल्यावर मागची मुंडी दीडपट रुंद आणि अर्धा व्यास उंच, म्हणजे ३.६ मिमी रुंद आणि १.२ मिमी उंच झाली की पुरे. गनचा दाब ३० ते ४० पीएसआयपासून (पौंड प्रति चौरस इंच) सुरू करा आणि भंगार पत्र्यावर जुळवून घ्या. दोन-तीन सेकंदांत रिव्हेट बसली पाहिजे. दाब फार कमी ठेवून टकटक करत बसलात तर धातू कडक होऊन मुंडीला चिरा पडतात. बार तिरका धरला की मुंडी एका बाजूला कलते. गन घसरली की पत्र्यावर चंद्रकोरीसारखा वळ उमटतो, आणि तो रंगाखालीही लपत नाही.

फसलेली रिव्हेट काढायची तर पुढच्या, मूळच्या मुंडीच्या मधोमध पंच करा, ४० नंबरच्या ड्रिलनं फक्त मुंडीच्या खोलीइतकं जा, पंचनं मुंडी मोडा, मागून आधार देऊन दांडा हळूच बाहेर ठोका. पूर्ण आरपार ड्रिल मारलं तर भोक हमखास वाकडं होतं. भोक मोठं झालंच तर एनएएस१०९७ मालिकेतली १/८ ची रिव्हेट वापरतात. दांडा जाड, पण मुंडी लहान, त्यामुळे ती ३/३२ च्या डिंपलमध्ये बसते.

पत्र्यावर खुणा पेन्सिलनं करू नका, तिच्यातलं ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमला खातं. मार्कर वापरा. पत्र्यावर चिकटवून आलेली निळी फिल्मही वर्षानुवर्षं तशीच ठेवू नका, तिच्याखाली गंज धरतो.

सगळ्यात नाजूक काम रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या दिशा वळवणाऱ्या पात्याच्या, मागच्या कडेचं. दोन पत्र्यांच्या मध्ये पाचरीसारखी पट्टी असते आणि रिव्हेट दोन्ही बाजूंनी सपाट बसवायच्या असतात. एका टोकापासून सलग ठोकत गेलात तर पत्रा सरकत जातो आणि कड केळ्यासारखी वाकते. म्हणून पट्टीला इंधनटाकीचं सीलंट (सांधे बुजवणारं चिकट रसायन) लावून कड सरळ अ‍ॅल्युमिनियम अँगलला क्लेकोंनी बांधा, दोन-तीन दिवस सुकू द्या. मग दर दहाव्या भोकात रिव्हेट, पुढे मधली, असं विखरून ठोका. पहिल्या फेरीत अर्धवटच बसवा. कड सरळ रेषेपासून ०.१ इंचापेक्षा जास्त हलली तर चालत नाही.

इंधनटाकीचं सीलंट वजनानं १० भागांना १ भाग हार्डनर असं मिसळतात, काट्यावर मोजूनच. गळती तपासताना टाकीला फुगा लावा आणि साबणाचं पाणी फिरवा. दाब १ पीएसआयच्या पुढे नको. कॉम्प्रेसर थेट जोडला तर टाकी फुगून वाया जाते.

बांधलेलं विमान घेताना हेच ज्ञान उलट्या दिशेनं कामाला येतं. टॉर्च आणि आरसा घेऊन आत बघा: मुंड्या कललेल्या, चिरलेल्या आहेत का? रिव्हेटभोवती काळी भुकटी दिसली तर ती रिव्हेट हलते आहे. आडव्या स्टॅबिलायझरच्या (शेपटीच्या आडव्या पंखाच्या) पुढच्या स्पारला, म्हणजे आतल्या तुळईला, मध्याजवळ चिरा पडल्याचं आढळल्यावर कंपनीनं २०१४ मध्ये सूचना काढली. ती तपासणी झाल्याची नोंद लॉगबुकात हवी. फार दिवस न उडालेल्या लायकमिंगचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) गंजलेला असू शकतो, त्यामुळे कमी तास म्हणजे चांगलं इंजिन असं धरू नका.

वजनाचा कागद नीट वाचा. कमाल वजन १,८०० पौंड. रिकामं विमान १,१०० पौंडांचं असेल आणि ४२ गॅलन इंधनाचे २५२ धरले तर माणसं आणि सामानाला ४४८ उरतात. जाड रंग आणि चामड्याच्या गाद्या यातूनच खातात. कसरतींसाठी मर्यादा आणखी खाली, १,६०० पौंड.

अर्धवट प्रकल्प घेत असाल तर किट कधीचं ते विचारा. २०२२-२३ च्या सुमाराच्या काही भागांची भोकं लेसरनं कापलेली होती आणि त्यांना डिंपल पाडताना चिरा गेल्या. कोणते भाग बदलले, कोणते तसेच बसवले, हे लिहून घ्या. आधीच्या मालकाची बांधणीची वही, फोटो आणि किटची खरेदीपत्रं ताब्यात आल्याशिवाय पैसे देऊ नका. विमानाचा बहुतांश भाग हौशी माणसांनी शिकण्यासाठी वा छंदासाठी बांधला, हे एफएएला (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेला) त्यावरूनच दाखवायचं असतं.

पूर्ण विमान घेणाऱ्यानं आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी. या विमानाच्या तपासणीवर सही करायची मुभा देणारं रिपेअरमन प्रमाणपत्र मूळ बांधणाऱ्याचं, ते विमानाबरोबर मिळत नाही. देखभाल तुम्ही स्वतः करू शकता, पण दर १२ महिन्यांच्या तपासणीवर सही योग्य प्रमाणपत्र असलेल्याचीच लागते, जसं ए अँड पी मेकॅनिक (विमानाचा सांगाडा आणि इंजिन या दोन्हींचा परवाना असलेला) किंवा तो बांधणारा. आरव्ही ओळखणारा मेकॅनिक तुमच्या विमानतळावर आहे का, हे सौद्याआधीच विचारून ठेवा.