थंडीत सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते तेव्हा
डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावकडे पारा १० अंशांखाली गेला की सकाळी गाडी चालू करताच सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते. घाबरू नका. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. थंड पाइपात ते साचतं आणि पाइप तापला की वाफ होऊन उडतं. तोंडाशी टपकणारे थेंब त्याच पाण्याचे. थोडं अंतर चाललं की हे थांबायला हवं.

गाडी गरम होऊनही दाट पांढरा धूर येतोय, वास गोडसर आहे, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) उतरलंय? मग हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याची शंका घ्या. अशी गाडी हायवेवर दामटू नका, इंजिन तापून हेड वाकू शकतं. कूलंट मात्र इंजिन थंड असतानाच तपासा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट अंगावर येतं.