घाण एकानं केली तर त्याच्या अख्ख्या देशाला का धुताय?

गेममध्ये कुणी चीटिंग केलं की ग्रुपवर लगेच सुरू, चायनीज सगळे हॅकरच, रशियन तर बोलायलाच नको. आणि हे कोण म्हणायलेत तर आपण बेळगाववाले, पुण्यात गेलं की कानडी आणि बेंगळुरात गेलं की महाराष्ट्राचे! कुठलातरी कॉल सेंटरवाला परदेशातल्या म्हाताऱ्यांना गंडवतो आणि गेममध्ये ‘इंडियन स्कॅमर’ म्हणून ऐकून आपण घ्यायचं, ते चालतं काय?

तर आधी मेसेजमधून देश काढा आणि काय झालं तेवढं लिहा. ह्या आयडीनं काल रात्री समोरचा दिसत नसताना भिंतीपलीकडून हेडशॉट (थेट डोक्यात गोळी) मारले, हा स्क्रीनशॉट, बस. रिपोर्ट करायला पण हेच लागतंय.

प्रोफाइलवरच्या झेंड्याचं तर काही खरं नाही, ऑनलाइन चेसमध्ये तो ज्याचा त्यानं निवडायचा असतो, आणि व्हीपीएन (आपलं खरं ठिकाण लपवणारं ॲप) लावला की निपाणीतला पोरगा पण सिंगापूरचा दिसतो.

‘पण मी स्वतः बघितलंय, तेच लोक करतात’ असं कोण म्हणालं तर त्याला हे सांगा. 1976 मध्ये हॅमिल्टन आणि गिफर्ड ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दोन गटांबद्दलची वाक्यं वाचायला दिली, मोठ्या गटाची 18 चांगली 8 वाईट, छोट्या गटाची 9 चांगली 4 वाईट, म्हणजे प्रमाण अगदी सेम. तरी कुठलं काम कुठल्या गटाचं असं विचारल्यावर लोकांनी वाईट कामं छोट्या गटाच्या नावावर होती त्यापेक्षा जास्त टाकली. कमी दिसणारी माणसं आणि कमी घडणारी वाईट गोष्ट, दोन्ही एकत्र आलं की डोक्यात चिकटून बसतंय. आपल्या लॉबीत (गेममध्ये खेळाडू जमतात तिथं) शंभर इंडियन आणि चार नेपाळी असले की त्यातला कुठला चीटर लक्षात राहणार ते बघा की. शिव्या देणारे आपलेच किती, ते कोण मोजतंय!

देशाचं नाव कधीच घ्यायचं नाही असं पण नाही हं. एखाद्या सरकारनं ॲप बंद केलं तर सरकारचं नाव घेऊन बोला, तिथल्या पब्लिकला मध्ये ओढू नका.

ग्रुपमध्ये दुसरा कोण असं बोलला तर लेक्चर देत बसू नका, तो अजून चिडतो आणि मग कन्नड-मराठीवर गाडी जाते, विशेषतः 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास. सरळ विचारायचं, ‘कोण रे? आयडी टाक की, रिपोर्ट मारूया.’ आयडी आला तर काम होतं, नाही आला तर विषय तिथंच थंड पडतो.