ताईबरोबर लिहिताना

परवा एका मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीने फोन करून विचारलं, "आम्ही दोघी बहिणी मिळून कथा लिहायच्या म्हणतोय. तुमचं कसं चालतं?" मी पाच मिनिटांत काहीतरी सांगितलं. फोन ठेवल्यावर दिवसभर रुखरुख लागून राहिली, कारण सांगायचं ते राहूनच गेलं होतं. ते इथे लिहिते.

आम्ही दोघी नऊ वर्षं एकत्र लिहितोय. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. नाशिकला पंचवटीत राहते, शाळेत मराठी शिकवते. मी इंदिरानगरला, एका सीएच्या ऑफिसात. आजवर दिवाळी अंकांसाठी अकरा कथा झाल्या, एक छोटा संग्रह निघाला, सध्या किशोरवयीन मुलांसाठी कादंबरी चालू आहे. यावर पोट भरत नाही. अकरापैकी चार कथांचं मानधन आलं, आणि ते दोघींत वाटल्यावर काही रविवारच्या मिसळीचा खर्च सुटला.

नव्या माणसाला वाटतं, दोघींची शैली कशी जुळणार? शैली जुळते हो. वर्षभरात एकीचं वाक्य दुसरीला पुरं करता येतं. बहिणींची खरी पंचाईत आठवणींची असते. मैत्रिणीबरोबर लिहिताना तिचं बालपण तिचं, तुमचं तुमचं. बहिणीबरोबर घर एकच, आई-बाप तेच, आणि दोघींनाही ठाम वाटतं की खरं काय घडलं ते मलाच माहीत आहे.

आमची पाचवी कथा पुरावर होती. १९ सप्टेंबर २००८ला गंगेला मोठा पूर आला. (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पूर किती चढला हे दुतोंड्या मारुतीच्या कमरेला, छातीला की गळ्याला पाणी लागलं त्यावरून सांगतात. त्या दिवशी मारुती दिसतच नव्हता.) बाबांचं भांडीबाजारात पितळी भांड्यांचं छोटं दुकान होतं. पाणी ओसरल्यावर आत घोट्याएवढा गाळ. हंडे-कळश्या धुऊन निघाल्या, पण उधारीच्या वह्या भिजून त्यांचा लगदा झाला होता. एकेक पान सुटं करून आम्ही ते घरी कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं. शाई उतरून पानं निळसर झाली होती. नावं थोडी लागत होती, आकडे मुळीच नाही.

ताईच्या आठवणीत बाबा त्या दोरीपाशी उभे राहून रडले. माझ्या आठवणीत ते हसले आणि म्हणाले, "चला, गंगामाईने सगळ्यांची उधारी माफ केली."

यावर आम्ही तीन आठवडे भांडलो. "तू कॉलेजात होतीस, तुला काय कळत होतं?" "आणि तू सासरी होतीस, दुसऱ्या दिवशी दुपारी उगवलीस." आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला त्या चिखलाचा वास तेवढा आठवतो." कथा तिथेच अडकली. चौथ्या आठवड्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की कथेचं नुसतं निमित्त आहे. बाबांच्या शेवटच्या आजारपणात कोण जास्त थांबलं, ते भांडण आम्ही दोरीवर वाळत घातलं होतं. हे मी ताईला बोलून दाखवलं नाही. तिलाही ते कळलं असावं, कारण पुढच्या रविवारी ती म्हणाली, "आपण दोघी कथेतून बाहेर जाऊ."

मग दुकानातल्या पोऱ्याच्या नजरेतून कथा परत लिहिली. पोऱ्या मालकाच्या मागे उभा आहे. त्याला चेहरा दिसत नाही, मालकाचे खांदे हलताना तेवढे दिसतात. संपादकांनी त्या कथेतला एक शब्दही बदलला नाही.

म्हणून जोडीने लिहिणाऱ्या बहिणींना माझं पहिलं सांगणं: ज्या प्रसंगाची दोघींची आठवण वेगळी असेल, तो तिसऱ्याच पात्राच्या हवाली करा. आणि पहिल्या दोन-तीन कथा घरातल्या घेऊच नका. शेजारच्यांच्या घ्या, बसमधल्या घ्या, कुठल्याही घ्या.

आता कामाची रीत. सुरुवातीला आम्ही एक परिच्छेद तिने, एक मी असं केलं. अंताक्षरीसारखं. त्यातून काही निघालं नाही, कारण प्रत्येकजण दुसरीवर ताण करायला बघते. आता पहिला खर्डा एकीनेच शेवटपर्यंत लिहायचा, दुसरीने तोवर एक ओळही मागायची नाही. मग तो दुसरीकडे जातो आणि ती त्याचं वाटेल ते करू शकते. आम्ही गूगल डॉक्सवर लिहितो. खोडलेलंही जुन्या आवृत्त्यांत बघता येतं, त्यामुळे "मी असं लिहिलंच नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही. टायपिंग पहिल्यापासून युनिकोडमध्ये करा. आमच्या पहिल्या दोन कथा ताईने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. त्या बदलून घेताना अर्धे रफार उडाले आणि ते परत बसवण्यात एक अख्खी दिवाळीची सुटी गेली. दिवाळी अंकाला द्यायची कथा जुलै-ऑगस्टपर्यंत हातावेगळी व्हायला हवी, म्हणजे खर्डा उन्हाळ्याच्या सुटीतच. ताई शिक्षिका असल्याचा एवढाच फायदा.

तोटा म्हणजे तिची लाल शाई. माझी पात्रं "काय करून राहिला भो?" म्हणतात, कारण सिडकोत आणि सातपूरला माणसं तसंच बोलतात. ताई तिथे "काय करतोयस रे?" करते. मी परत "भो" करते. यावर आम्ही असं ठरवलंय की निवेदन तिचं, संवाद माझे. कुणाच्या कामात कुणी हात घालायचा नाही. सूचना करता येते, तीही एकदाच. दुसऱ्यांदा केली की ती कुरकुर.

भांडायला जागा लागते. घरी भांडलं की भांडण घरचं होतं. मध्येच गेल्या गणपतीतलं काहीतरी निघतं. आम्ही बरीच वर्षं सार्वजनिक वाचनालयात बसायचो. १८४०पासूनची संस्था, तिथे आवाज चढवायची कुणाची टाप नाही. एकमेकींना चिठ्ठ्या लिहायचो. रागाने लिहिलेली चिठ्ठी पोचवायच्या आधी स्वतःला एकदा वाचावीच लागते, आणि निम्म्या चिठ्ठ्या मग पर्समध्येच राहतात. मोठ्याने बोलायचं असेल तर गोदाघाट, फक्त बुधवार सोडून. त्या दिवशी बाजार असतो, स्वतःचंच बोलणं ऐकू येत नाही. व्हॉट्सॲपवर मात्र वाद घालू नका. तिचं नुसतं "ठीक आहे" आलं की मी रात्रभर त्याचे अर्थ लावते.

नावाचा आणि पैशाचा विषय लाज न बाळगता पहिल्याच दिवशी बोलून घ्या. एका दिवाळी अंकात आमची कथा फक्त ताईच्या नावाने छापून आली. चूक त्यांची, पण मी दोन महिने ताईशी तुटक वागले. त्यानंतर कथेच्या पहिल्या पानावर दोन्ही नावं, दोन्ही सह्या आणि मानधन निम्मं-निम्मं, असं लिहिल्याशिवाय काही पाठवत नाही. नावांचा क्रम आळीपाळीने.

कायदाही थोडा माहीत असावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखकत्व म्हणजे असं लेखन, ज्यात एकीचा वाटा दुसरीच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही. संग्रहातल्या तीन कथा सरळ तुमच्या आणि तीन तिच्या असतील, तर त्या ज्याच्या त्याच्या. संयुक्त लेखनाचे हक्क दोघींपैकी जी शेवटी जाईल तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तुझ्यामुळे माझी रॉयल्टी वाढणार!" प्रकाशकाला हक्क द्यायचे ते लेखी करारानेच, आणि करारात मुदत लिहिली आहे का ते बघा, नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. सही दोघींची. "ताईने केली म्हणजे माझीच" असं भावनेच्या भरात करू नका. मी सीएच्या ऑफिसात बसते, या एका वाक्यावर भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले पाहिलेत.

आणि एक, ज्याला माझ्याकडे उत्तर नाही. एकीला जे लपवायचं असतं, ते दुसरीला छापायचं असतं. इंग्लंडातल्या ब्राँटे बहिणींचंही हेच झालं होतं. शार्लटला १८४५मध्ये एमिलीच्या कवितांची वही सापडली, तिने ती वाचली, आणि एमिली भयंकर संतापली. तिची समजूत घालायला वेळ लागला. पुढच्या वर्षी धाकट्या ॲनसकट तिघींच्या कविता टोपणनावांनी एकत्र छापून निघाल्या, स्वतःच्या खर्चाने. प्रती खपल्या दोन. ताई हे तिच्या वर्गात दरवर्षी सांगते आणि मुलं दरवर्षी हसतात. मला मात्र त्या वहीचंच वाटत राहतं. माझ्याकडेही ताईची एक जुनी वही आहे, तिच्या लग्नाच्या आधीची, माळा आवरताना सापडलेली. मी वाचली आहे हे तिला माहीत नाही. त्यातलं एक वाक्य मला आमच्या कादंबरीत हवंय, आणि ते मागायचं कसं हे नऊ वर्षांनंतरही मला सुचत नाही.

या रविवारी चौथ्या प्रकरणावर बसायचंय. कालच तिचा निरोप आला: "भो सात वेळा आलाय. तीन ठेव." मी पाच म्हणून कळवलंय.