पावसाळ्यात बेट होणाऱ्या गावांत कुष्ठरोग शोधताना

कुष्ठरोग शोध मोहिमेत पहिल्यांदाच जाणार असाल आणि वाट्याला गडचिरोलीतल्या भामरागडकडची गावं आली असतील, तर आधी पाण्याचा अंदाज घ्या. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती भामरागडला एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, आणि आतले नाले फुगले की एकेक टोला (वस्ती) म्हणजे बेटच. डोंगा मिळाला तर जायचं, नाहीतर पाणी उतरायची वाट बघायची.

दुसरी अडचण वेळेची. रोवणीच्या दिवसांत माणसं सकाळीच भाताच्या बांधीत उतरतात. संध्याकाळी भेटतात, पण तेव्हा उजेड नसतो, आणि टॉर्चच्या उजेडात फिकट चट्टा हमखास सुटतो. म्हणून मी फटफटायला लागलं की गावात असायचो. अंगणात, उजेडात तपासायचं. पाठ आणि कंबर उघडून बघायचीच. बायामाणसांची तपासणी आशाताई आत करतात. माडियातून बोलायलाही त्याच हव्यात, त्यामुळे त्यांचं ऐकून चला.

चट्ट्यावरची संवेदना बघताना 'कळलं का?' असं विचारू नका. माणूस भिडेपोटी 'हो' म्हणतो. आधी डोळे उघडे ठेवून समजावून द्या, मग डोळे मिटायला सांगा, बॉलपेनचं टोक हलकेच टेकवा आणि 'कुठे लागलं ते बोटाने दाखवा' म्हणा. चट्ट्यावर टेकवलं आणि बोट हललंच नाही, तर संशयित म्हणून नोंदवा. निदान डॉक्टर करतील. कोपराच्या आतल्या बाजूची शीरही, म्हणजे मज्जातंतू, चाचपा. आणि 'महारोग' हा शब्द तोंडातून काढू नका, त्या एका शब्दाने घराचं दार बंद होतं.

सगळे तपासून झाले तर भिंतीवर खडूने 'एल', कुणी राहिलं तर 'एक्स'. या 'एक्स'बद्दल मला मनापासून सांगायचं आहे.

एका घरात म्हातारी म्हणाली, पोरगा शेतावरच्या झोपडीत आहे, त्याला काही नाही. पाणी चढत होतं, डोंगेवाला हाका मारत होता. मी त्याला तपासलेल्यांत धरलं आणि 'एल' लिहून निघालो. पुढच्या वर्षी तो अंगणातच भेटला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडलेलं. हातात विडी होती, ती जळत जळत करंगळीजवळ कातडीला टेकली. वास आला तेव्हा मीच त्याचा हात झटकला. त्याला पत्ता नव्हता.

शीर नुकतीच बिघडली असेल, साधारण सहा महिन्यांच्या आत, तर स्टिरॉइडने हात बऱ्याचदा सावरतो. त्याचा तो काळ निघून गेला होता. पाचापेक्षा जास्त चट्टे होते म्हणून बारा महिन्यांची बहुविध औषधं सुरू झाली. पाच किंवा कमी असते तर सहा महिने लागले असते. रोग बरा झाला. बोटं मात्र सरळ झाली नाहीत. त्या दिवशी एक फेरी जास्त मारली असती तर, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून वहीचं शेवटचं पान मी राहिलेल्यांसाठी ठेवतो: नाव, कुठे गेलाय, परत कधी येणार. त्याची नक्कल आशाताईंकडे. आठवडी बाजारात ही माणसं हमखास येतात, तिथेही गाठा. पण तपासणी चारचौघांत नको, आरोग्य केंद्रात न्या.

वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने 1951 पासून सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार एकत्र बांधले, ते याच विदर्भात. शिक्षण मध्ये का आहे, हे मला त्याच अंगणात कळलं. त्या पोराच्या परवानगीने घरच्यांना तपासून, त्यांना रोग होऊ नये म्हणून रिफॅम्पिसिनची एकेक मात्रा द्यायची होती. लघवी लाल होईल, ते औषधाचा रंग आहे, रक्त नाही, हे आशाताईंनी गोळी देण्याआधी प्रत्येकाला सांगितलं, म्हातारीला दोनदा. तुम्हीही आधीच सांगा. लाल लघवी बघून घाबरलेलं घर पुढच्या वेळी गोळी हातात घेत नाही.